दमयंतीच्या पदराची जर

बडोद्याच्या दांडिया बाजारातला वाडा रिकामा करायला घेतला तेव्हा पितळी घंगाळ, समया, आजोबांचं शिसवी टेबल, सगळ्याची वाटणी अर्ध्या दिवसात झाली. राहिलं एक चित्र. काकांकडे भिंतच शिल्लक नाही, आत्या म्हणाली माझ्याकडे ओल येते गं, आणि बाबा काहीच बोलले नाहीत, ते सरळ स्टुलावर चढले, खिळ्यावरून चित्र उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. मागे भिंतीवर जुन्या निळ्या चुन्याचा एक चौकोन दिसत होता. बाकीची भिंत मधे किती वेळा रंगवून झाली पण प्रत्येक वेळी रंगाऱ्याने चित्राच्या कडेकडेनेच ब्रश फिरवला असणार, कारण आजी ते उतरवूच द्यायची नाही.

चित्र म्हणजे हंस-दमयंती. राजा रविवर्म्याचं, 1899 चं. नाव माहीत नसेल तरी तुम्ही पाहिलेलं नक्की आहे, कॅलेंडरवर, कोणाच्या तरी जुन्या दिवाणखान्यात, हल्ली तर कुशन कव्हरवर पण. लाल साडीतली दमयंती उभी आहे, कठड्यावर पांढरा हंस, कमळांचं तळं, मागे जाडजूड खांब. हंस तिला नलाबद्दल सांगतोय आणि ती ऐकतेय. बस, एवढंच घडतंय त्यात. मूळ तैलचित्र तिरुवनंतपुरमला श्री चित्रा आर्ट गॅलरीत आहे, आमच्याकडचं छापील, ज्याला ओलिओग्राफ म्हणतात ते.

पण आमची दमयंती छापील असली तरी तिच्यासारखी दुसरी नाही, कारण तिच्या पदराच्या काठाला खरी जर शिवलेली आहे.

हे नीट सांगते. माझ्या आजीच्या आईचा, म्हणजे अमरावतीच्या पणजीचा, लग्नातला शालू होता. तो विरला तेव्हा त्या काळच्या पद्धतीप्रमाणे जर विकली, जुनी जरीची वस्त्रं घ्यायला माणसं दारावर यायची, ती वस्त्रं जाळून त्यातली चांदी काढायची. पणजीने सगळा शालू दिला आणि काठाची एक वीतभर पट्टी ठेवून घेतली. ती पट्टी तिने बारीक कापून, चित्राच्या मागे मांजरपाट लावून, दमयंतीच्या पदरावर छापलेला जो काठ आहे ना, बरोब्बर त्याच्यावर शिवली. टाके इतके बारीक की भिंग घेतल्याशिवाय दिसत नाहीत, मी मोजायला बसले होते एकदा, सत्तरच्या पुढे गेल्यावर डोळे दुखायला लागले. मानेपाशी काठ वळतो तिथे तिने जर दुमडून कोपरा घातलाय, जसा आपण परकराला घालतो तसा. गळ्याला चार टिकल्या होत्या, त्यातल्या दोन उरल्यात. आणि हे काही आमच्या पणजीचंच वेड नव्हतं हं, त्या काळी घरोघरच्या बायका रविवर्म्याच्या चित्रांना कापड, जर, टिकल्या लावून सजवायच्या, तशी सजवलेली चित्रं आता संग्राहकांकडे असतात. पण प्रत्येकीची जर वेगळी ना!

खरी चांदीची जर आहे त्यामुळे ती काळी पडलीये. छापलेला लाल रंग अजून बऱ्यापैकी लाल आहे आणि काठ मात्र काळपट, असं उलटंच झालंय.

आजी 1953 साली लग्न होऊन बडोद्याला आली. बडनेऱ्याहून गाडी, मग जळगावहून ताप्ती लाईनने सुरत, तिथून बडोदं. बरोबर दोन ट्रंका आणि हे चित्र, चादरीत गुंडाळून, रात्रभर मांडीवर घेऊन बसलेली. सासरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं की देवाचं आहे का, देवघरात लावायचं का, तर आजी म्हणाली, नाही, माहेरचं आहे.

लहानपणी मला वाटायचं की माहेरचं म्हणजे माहेराहून आणलेलं. मोठी झाल्यावर कळलं की आजीच्या मनात तेवढंच नव्हतं. दमयंती विदर्भाची. विदर्भाच्या भीम राजाची मुलगी, कुंडिनपूर राजधानी, आणि ते कुंडिनपूर म्हणजे आत्ताचं अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर, वर्धा नदीच्या काठावरचं, असंच तिकडे सगळे मानतात. तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. आजीच्या हिशोबाने रुक्मिणी, दमयंती, लोपामुद्रा, रघुवंशातल्या अजाची इंदुमती, सगळ्या वऱ्हाडच्या लेकी, आणि सगळ्या लग्न होऊन लांब गेलेल्या. गुजरातेत दिलेली रुक्मिणी पहिली, मग मी, असं ती म्हणायची आणि अगदी मनापासून म्हणायची, कारण द्वारका गुजरातेत आहे हे तिला लग्न ठरलं तेव्हा पहिल्यांदा जाणवलं होतं.

दुपारी जेवणं झाली की ती चित्राखाली चटई टाकायची आणि आम्हाला गोष्ट सांगायची. हंसाचा भाग पटकन उरकायची. खरी रंगायची ती स्वयंवरात. इंद्र, अग्नी, वरुण, यम, चौघंही नलाचं रूप घेऊन येऊन बसतात, म्हणजे मंडपात पाच नल, सगळे सारखे, आणि दमयंती हातात माळ घेऊन उभी. कसं ओळखायचं? मग आजी एकेक बोट मोडायची. देवांना घाम येत नाही. देवांची पापणी लवत नाही. देवांच्या गळ्यातली फुलं कोमेजत नाहीत. देवांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. देवांची सावली पडत नाही. ज्याच्या अंगावर धूळ बसलीये, ज्याला घाम आलाय, ज्याची माळ सुकलीये, तो आपला. पाचव्या बोटाला ती माझी पाठ थोपटायची.

आता थोडं चित्राच्या जन्माबद्दल, कारण मला ते सगळं मागच्या वर्षभरात वाचून वाचून कळलं आणि बडोद्याचा त्यात किती हात आहे हे आपल्याच बडोदेकरांना माहीत नसतं म्हणून फार वाईट वाटतं.

रविवर्मा त्रावणकोरचा, किळिमानूरचा, 1848 चा जन्म. तैलरंग त्याला कोणी धड शिकवलेच नाहीत, 1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला होता त्याचं काम बघून बघून शिकला. त्याला बडोद्याला आणण्यामागे सर टी. माधवराव. हे तंजावरचे मराठी घराण्यातले, आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, मग आपले बडोद्याचे. रविवर्म्याचं सीता भूमिप्रवेशाचं चित्र त्यांनी बडोद्यासाठी घेतलं आणि 1881 च्या डिसेंबरमध्ये सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळाले त्या समारंभाच्या निमित्ताने रविवर्मा इथे आला, राजघराण्यातल्यांची पोर्ट्रेट्स केली. माधवरावांनीच त्याला सुचवलं होतं की बाबा रे तुझे हात दोन आणि चित्रं मागणारे इतके, तर निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ काढून घे. म्हणजे आमच्या भिंतीवरची दमयंती ज्या कल्पनेतून आली ती कल्पना एका मराठी दिवाणाच्या डोक्यातली. युरोपात पाठवणं काही झालं नाही, रविवर्म्याने पुढे स्वतःच प्रेस काढला, 1894 साली, मुंबईत. पहिलं छापलं शकुंतलेच्या जन्माचं चित्र. मग मुंबईत प्लेग, प्रेस हलला लोणावळ्याजवळ मळवलीला.

आणि मधे 1888 चं मोठं काम, तेही बडोद्याचंच. सयाजीरावांनी नव्या लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातली 14 चित्रं सांगितली, 50,000 रुपयांना. त्या काळचे 50,000! नल-दमयंती, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका, हरिश्चंद्र-तारामती, कीचक-सैरंध्री, शंतनू-मत्स्यगंधा अशी सगळी. ती करण्याआधी रविवर्मा भावाला, सी. राजा राजा वर्म्याला, बरोबर घेऊन उत्तर हिंदुस्थानात हिंडला, का तर पुराणातल्या बायकांना नेसवायचं काय? त्याच्या मुलखात मुंडू, बंगालात वेगळं, पंजाबात वेगळं. सगळ्या देशाला आपली वाटेल अशी सीता आणि आपली वाटेल अशी दमयंती त्याला हवी होती, म्हणून तो बघत फिरला आणि परत येऊन साडी नेसवली. आज आपण डोळे मिटून सीता आठवायला गेलो की साडीतलीच दिसते, ते इथून सुरू झालं. 1890 ला चित्रं पूर्ण झाली, आधी त्रिवेंद्रमला आणि मग बडोद्यात लोकांना बघायला ठेवली, आणि लोकांनी गर्दी केली. विचार करा, तोपर्यंत देवळाबाहेर, राजवाड्याबाहेर साध्या माणसाने एवढी मोठी, खऱ्या माणसांसारखी दिसणारी द्रौपदी कुठे पाहिलेली असणार?

छपाईचं पण मला आधी काही माहीत नव्हतं. ओलिओग्राफ म्हणजे दगडावरची छपाई. बव्हेरियाहून येणारा खास चुनखडीचा दगड, त्याच्यावर तेलकट शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, जिथे तेलकट आहे तिथेच शाई धरते. एका रंगाला एक दगड. लालाला वेगळा, फिक्या लालाला वेगळा, कातडीच्या रंगालाच दोनतीन. कागद प्रत्येक दगडावर परत तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे, केसभर सरकला तर दमयंतीला दोन नाकं. शेवटी वॉर्निश आणि वरून कॅनव्हाससारखी खरखर उठवायची म्हणजे तैलचित्र वाटतं. भिंगातून बघितलं तर गाल हा नुसता ठिपक्यांचा आहे, गुलाबी, पिवळे, तपकिरी ठिपके, आणि भिंग बाजूला केलं की परत गाल. मी हे रात्री किती वेळ करत बसले होते ते नवऱ्याला विचारा.

त्याच मळवलीच्या प्रेसमध्ये दादासाहेब फाळके काम करून गेले, आणि फाळके शिकले कुठे तर आपल्या कलाभवनात, बडोद्यात. प्रेस पुढे रविवर्म्याने फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला आणि 1972 ला तिथे आग लागून बरंचसं जळून गेलं. आमच्या चित्राच्या खालच्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरात रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं छापलेलं होतं. म्हणजे प्रेस मुंबईतून हलल्यानंतरची प्रत. होतं म्हणतेय कारण त्या पट्टीचं काय झालं ते पुढे येतंच आहे.

आधी खांबांचं बोलते.

माझी एक मैत्रीण फाइन आर्ट्सची, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या त्या जगप्रसिद्ध फॅकल्टीची, तिने चित्र बघितल्या बघितल्या विचारलं, कुंडिनपुरात हे ग्रीक खांब कुठून आले? तिचा मुद्दा नवा नाही. कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता यांनी शंभर वर्षांपूर्वी हेच म्हटलंय, की रविवर्म्याची पुराणं नाटकी आहेत, युरोपची नक्कल आहे, आपल्या परंपरेतली नाहीत. आणि खरंच कमाटी बागेतल्या म्युझियमच्या पिक्चर गॅलरीत जा, सयाजीरावांनी युरोपातून मागवलेली चित्रं आहेत, पहिल्या महायुद्धामुळे येता येता अडकली आणि गॅलरी 1921 ला उघडली, तिथे सोनेरी फ्रेमांमधून फिरताना कळतं की बाईला खांबाशेजारी उभं करायचं, मागे जड पडदा सोडायचा, एका बाजूने आकाश दाखवायचं, ही सगळी तिकडची जुनी रीत. राणी असो नाहीतर सरदाराची बायको, खांब पाहिजेच. खांब म्हणजे घराणं, खांब म्हणजे थोरवी. एकोणिसाव्या शतकात तर तिकडे बायकांना ग्रीक-रोमन कपडे घालून संगमरवरी कठड्यापाशी बसवायची लाटच होती. रविवर्म्याने ते छापील पुस्तकांमधून पाहिलेलं असणार.

पण मला मैत्रिणीचं पटलं नाही, आणि का पटलं नाही ते मला स्वतःला कळायला दोन दिवस लागले. मी ऑफिसला जाताना रोज राजमहाल रोडवरून जाते. एका संध्याकाळी सिग्नलला उभी असताना मान वर केली तर समोर कमानी, खांब, छज्जे, घुमट. लक्ष्मी विलास 1890 ला पूर्ण झाला, म्हणजे ती 14 चित्रं पूर्ण झाली तेच वर्ष! मेजर मँटने सुरू केला, तो गेल्यावर चिझमने पुरा केला, त्यात राजपुती झरोके आहेत, मुघली घुमट आहेत, गुजराती कोरीवकाम आहे, दरबार हॉलला बेल्जियमच्या काचा आणि व्हेनिसच्या कारागिरांची जमीन आहे. बडोदा कॉलेजवर घुमट, म्युझियमची इमारत तशीच सरमिसळ, न्यायमंदिर पण. त्या वीस-पंचवीस वर्षांत अख्खं बडोदं असंच बांधलं गेलं. मग रविवर्म्याने राजकन्येला उभं करायचं तर कुठल्या राजवाड्यात? महाभारतातला राजवाडा कोणी पाहिलाय? त्याने पाहिलेले राजे हेच, त्यांचे चौथरे हेच, त्याच्या डोळ्यासमोर जे चुन्यात आणि दगडात उभं राहत होतं तेच त्याने काढलं. मला तरी ती नक्कल वाटत नाही. त्याच्या काळातला राजवाडा असाच होता, आणि आपण त्या राजवाड्याशेजारून स्कूटर घेऊन जातो.

आणि खांबाचा मोह काय फक्त राजांना होता? आजी-आजोबांचा लग्नानंतरचा फोटो आहे स्टुडिओतला. आजी नऊवारीत, हात कशावर ठेवलाय तर एका प्लास्टरच्या खांबावर, मागे पडद्यावर रंगवलेला कठडा आणि तळं. फोटोवाल्याकडे तो पडदा केव्हापासूनचा असेल देव जाणे. त्या फोटोतली आजी आणि चित्रातली दमयंती शेजारी शेजारी ठेवल्या तर कोण कोणासारखं उभं राहिलंय ते सांगता येत नाही, फक्त हंस तेवढा नाही.

मी दहावीत असताना आजीला फतेहसिंह म्युझियममध्ये घेऊन गेले होते, राजवाड्याच्या आवारातली ती इमारत, पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. तोपर्यंत आजी 43 वर्षं बडोद्यात राहिली होती आणि कधी आत गेली नव्हती. मी आपलं शाळेतून जाऊन आले होते म्हणून तिला म्हटलं, आजी चल, तुझ्या दमयंतीचं खरं चित्र आहे तिथे. मला वाटत होतं हंसवालंच असेल, माझ्या लक्षातच नव्हतं नीट.

ते हंसवालं नाही. बडोद्याची नल-दमयंती वेगळी आहे, पुढच्या गोष्टीतली. द्यूतात सगळं हरून दोघं रानात आलीत, नलाचं वस्त्र पक्ष्यांनी नेलंय, दोघांत एकच लुगडं, ती दमून झोपलीये आणि नल तिला तसंच टाकून निघालाय. अर्धं वस्त्र कापून घेऊन. मोठं चित्र आहे, माणसं जवळजवळ आपल्याएवढी वाटतात. ना खांब, ना तळं. नुसतं रान आणि अंधार आणि जमिनीवर झोपलेली ती.

आजी समोर उभी राहिली. मी माहिती सांगत होते काहीतरी, 14 चित्रं वगैरे बहुतेक फलकावरचं वाचून. तिचं लक्ष नव्हतं. मग ती एकदम, इतक्या वर्षांत कधी न बोललेल्या वऱ्हाडीत, हळूच म्हणाली, "उठ ना वं माय. गेला तो."

वॉचमन बघायला लागला. मी तिचा हात धरला, हात गार होता. घरी आल्यावर तिने चहा केला, आणि चहा पिता पिता हंसवाल्या चित्राकडे बघून म्हणाली की आईला हे पुढचं सगळं माहीत होतं बरं का, तरी तिने मला हेच चित्र दिलं, म्हणाली इथपर्यंतचं घेऊन जा, पुढचं ज्याचं त्याला भोगायचंच असतं. आजोबा मधे काही वर्षं घर सोडून गेले होते हे मला तेव्हा कोणी सांगितलेलं नव्हतं. ते मला ती गेल्यावर, 2011 ला, आत्याकडून कळलं. तीन वर्षं पत्ता नव्हता, मग एक दिवस परत आले आणि कोणी काही विचारलं नाही. आत्या सांगत होती तेव्हा माझ्या डोक्यात फक्त ते दोन शब्द, गेला तो.

तर असं ते चित्र माझ्याकडे आलं, आणि मी ते फ्रेमवाल्याकडे दिलं. मागची फळी वाळवीने खाल्लेली, काच तडकलेली, बदलायला तर हवीच होती. फ्रेमवाल्याला मी तीनदा बजावलं की फक्त फळी आणि काच, चित्राला हात लावू नका. आठ दिवसांनी गेले तर चित्र तयार फ्रेमच्या मापात बसावं म्हणून त्याने खालची पट्टी कापून टाकलेली. प्रेसच्या नावाची पट्टी. आणि जरीचा एक कोपरा, मानेपाशी पणजीने दुमडून घातलेला तोच, उचकटायला घेतलेला. मी ओरडलेच. तो अगदी चांगल्या मनाने म्हणाला, "बेन, आ तो काळुं पडी गयुं छे. बधुं काढी नाखुं, नवी प्रिंट कढावी आपुं, एकदम चकाचक." त्याच्या मोबाईलवर हंस-दमयंतीचा फोटो तयार होता, म्हणाला हीच ना, मोठी करून देतो, कॅनव्हासवर, तीनशे रुपये जास्त.

मी मोबाईलमधली दमयंती बघितली, टेबलावरची बघितली. दोन्ही एकच. एकीला ना डाग ना जर, गाल गुळगुळीत, लाल रंग लालभडक. दुसरीच्या गळ्याच्या दोन टिकल्या गेलेल्या, वॉर्निश पिवळं पडलेलं, डाव्या कोपऱ्यात कधीतरी कोणाच्या तरी हळदीच्या बोटाचा ठसा, काठ काळा. मला आजीची पाच बोटं आठवली. मी त्याला म्हटलं, भाई, हीच पाहिजे.

मग त्याच्या दुकानातला कचऱ्याचा डबा मी स्वतः उपसला. कार्डबोर्डचे तुकडे, काचा, कोणाकोणाच्या लग्नाच्या फोटोंच्या कडा, आणि त्यात ती पट्टी मिळाली, दोन तुकड्यांत. कार्ला एकीकडे, लोणावळा दुसरीकडे. वरचा अर्धा शब्द नाहीच मिळाला. बोटाला काच लागली ती घरी आल्यावर कळली.

नंतर ओळखीतून एका जाणकार बाईंना दाखवलं, जुने कागद दुरुस्त करतात त्या. त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहिते कारण कोणाकडे असं चित्र असेल तर उपयोगी पडेल. काच चित्राला कधी टेकवायची नाही, मधे पट्टी देऊन फट ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात वॉर्निश काचेला चिकटतं आणि मग काच काढताना चित्र सोलून येतं. मागे साधा पुठ्ठा नको, तो आंबट असतो, कागद पिवळा करतो, आम्लरहित बोर्ड लावायचा. उन्हाच्या भिंतीवर लावायचं नाही, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर तर नाहीच. ओल्या फडक्याने पुसायचं नाही. आणि जर काळी पडली म्हणून चांदीची पावडर लावून घासायची नाही, कारण घासली की धागा तुटतो, चांदी राहते बाजूला आणि टाका जातो. उचकटलेला कोपरा त्यांनी पणजीच्याच भोकांमधून सुई घालून परत बसवला. नवीन एकही भोक पाडलं नाही. मी समोर बसून बघत होते, तीन टाके, चाळीस मिनिटं.

कापलेली पट्टी त्या परत चिकटवायला नको म्हणाल्या, गोंदाने आणखी वाईट होईल. ती एका पातळ कागदी पाकिटात घालून फ्रेमच्या मागे ठेवायची, म्हणजे पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला कळेल.

रविवारी बाबा आले, चित्र लावायला. त्यांनी खिशातून हातरुमाल काढला, त्यात वाड्यातल्या भिंतीचा तो खिळा होता, जाड, चौकोनी डोक्याचा, लोहाराने केलेला. चित्र उतरवलं त्या दिवशीच त्यांनी तो काढून घेतला होता आणि वर्षभर बोलले नव्हते. आमच्या फ्लॅटची भिंत काँक्रीटची, दोन हातोडे मारले आणि खिळा वाकला. बाबांनी तो सरळ करून परत लावून बघितला, परत वाकला. शेवटी खालच्या मजल्यावरून ड्रिल मागून आणलं, प्लास्टिकचा गट्टू ठोकून स्क्रू घातला, चित्र लागलं.

वाकलेला खिळा आता पट्टीबरोबर त्याच पाकिटात आहे.